ठिगळांची बखर

संगणकाच्या व्यवसायात दुरुस्तीला ‘पॅच’ म्हणतात. मराठीत सांगायचं तर ठिगळ. हा शब्द कुणी अलंकार म्हणून वापरात आणलेला नाही. हार्वर्ड विद्यापीठात १९४४ साली कामाला लागलेल्या मार्क-१ या अवाढव्य यंत्राला सूचना दिल्या जात त्या भोकं पाडलेल्या कागदी पट्टीवरून. भोक चुकीच्या जागी पडलं, की त्यावर कागदाचा तुकडा चिकटवून ते बुजवत. वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहात अशा एका पट्टीचं छायाचित्र आहे. तिच्यावरचे ते चौकोनी तुकडे पाहिले की शाळेच्या खाकी चड्डीवर आईने लावलेली ठिगळं आठवतात. भोक डोळ्यांना दिसतं, ठिगळही दिसतं आणि लावणारा कोण हेही माहीत असतं.

ब्राउझरच्या बाबतीत या तिन्ही गोष्टी दिसेनाशा झाल्या. त्या कशा दिसेनाशा झाल्या, त्याचा हा इतिहास आहे. ब्राउझर हे आज आपल्या घरातलं सर्वाधिक उघडं राहणारं दार. वीज बिल, बँक, रेल्वेचं तिकीट, मुलांचे निकाल, सगळं त्याच दारातून आत-बाहेर करतं. त्याला भोकं पडतात हे आता कुणाला सांगावं लागत नाही. पण भोक कुणाला दिसतं, तो ते कुणाला सांगतो, ठिगळ कोण शिवतं आणि सदऱ्याच्या मालकाला विचारलं जातं की नाही, या प्रश्नांची उत्तरं गेल्या तीस वर्षांत अनेकदा बदलली. त्यातल्या एका टप्प्यावर मीही एका कागदावर सही केली आहे. ती गोष्ट तिच्या जागी येईलच.

* * *

सुरुवात १९९५ च्या सप्टेंबरपासून करतो. नेटस्केप कंपनीचे समभाग ९ ऑगस्टला बाजारात आले होते आणि वॉल स्ट्रीटने तोंडात बोट घातलं होतं. कंपनीचा ब्राउझर जवळजवळ प्रत्येकाच्या संगणकावर होता. त्यात एसएसएल नावाची सांकेतिक व्यवस्था बसवलेली होती. तिच्या भरवशावर लोकांनी क्रेडिट कार्डाचे क्रमांक तारांवरून पाठवायला हरकत नाही, असं कंपनी सांगत होती.

या व्यवस्थेच्या दोन आवृत्त्या होत्या. अमेरिकेत वापरायची १२८ बिटांची आणि बाकीच्या जगासाठी ४० बिटांची, कारण बळकट कुलपं परदेशी पाठवायला अमेरिकेच्या कायद्याने बंदी होती. ४० बिटांच्या किल्लीला सुमारे १ लाख १० हजार कोटी शक्यता असतात. आकडा ऐकायला मोठा आहे. पण ऑगस्टमध्येच फ्रान्समधल्या इन्रिया संस्थेच्या दामियाँ दोलिगे याने शंभराहून अधिक संगणक जुंपून आठेक दिवसांत अशी एक किल्ली शोधून दाखवली. कंपनीकडे याचं उत्तर तयार होतं : हे दुबळं कुलूप सरकारच्या हट्टामुळे आहे, आमच्या घरचं १२८ बिटांचं कुलूप फोडायला विश्वाचं आयुष्यही पुरणार नाही.

बर्कलीमध्ये शिकणाऱ्या इयन गोल्डबर्ग आणि डेव्हिड वॅग्नर या दोन विद्यार्थ्यांनी कुलपाकडे पाहिलंच नाही. किल्ली कशी घडवली जाते, तेवढंच त्यांनी पाहिलं. नेटस्केपचा मूळ मजकूर, म्हणजे सोर्स कोड, त्यांच्याकडे नव्हता. तयार कार्यक्रमाचे अंतर्भाग त्यांनी उलगडून वाचले, आणि त्यांना दिसलं ते असं : प्रत्येक वेळी नवी, कुणाला ओळखता न येणारी किल्ली हवी म्हणून ब्राउझर एक ‘यदृच्छ’ संख्या घेत असे. ती संख्या तयार व्हायची तीन गोष्टींपासून. घड्याळातली वेळ, सेकंद आणि मायक्रोसेकंदासह. चालू असलेल्या प्रक्रियेचा क्रमांक. आणि तिच्या जनक प्रक्रियेचा क्रमांक. त्याच यंत्रावर ज्याचं खातं आहे त्याला हे दोन्ही क्रमांक एका साध्या आज्ञेने दिसत. कोणत्या सेकंदाला संदेश गेला हे तारेवर कान लावून बसणाऱ्याला कळतंच. राहिले मायक्रोसेकंद, म्हणजे दहा लाख शक्यता. तेव्हाच्या साध्या यंत्रालाही एका मिनिटाच्या आत संपवता येतील इतक्या. १२८ बिट आणि ४० बिट हा सगळा वाद यापुढे फुकट गेला. तिजोरी पोलादाची, आणि किल्ली उंबऱ्याखाली.

दोघांनी ही गोष्ट १७ सप्टेंबरला जाहीर करून टाकली. दोन दिवसांत ती ‘न्यू यॉर्क टाइम्स’मध्ये आली. कंपनीला आधी गुपचूप कळवायचं, ठिगळ तयार होईपर्यंत थांबायचं आणि मग बोलायचं, हा आजचा शिष्टाचार तेव्हा रुळलेला नव्हता. कंपनीने घाईघाईने नवी आवृत्ती काढली. तिने आणखी एक चांगली गोष्ट केली, दुरुस्त केलेल्या भागाचा सोर्स कोड लोकांना तपासायला खुला ठेवला. पुढच्याच महिन्यात तिने नव्या ब्राउझरच्या प्राथमिक आवृत्तीत भोक दाखवणाऱ्यांना रोख बक्षीस जाहीर केलं. भोक दाखवणारा हा चोर नसतो, त्याला पैसे द्यायचे असतात, ही कल्पना ब्राउझरच्या जगात इथून आली.

पण ठिगळ लोकांपर्यंत पोचणार कसं? याला काही उत्तर नव्हतं. ज्याने बातमी वाचली, त्याने स्वतः नवी आवृत्ती उतरवून घ्यायची. ज्याने वाचली नाही, तो जुन्याच किल्लीने कुलूप लावत राहणार. आपल्याकडे विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ ला, म्हणजे याच्या महिनाभर आधी, सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं होतं. विद्यार्थ्यांना परवडणाऱ्या खात्यात चित्रं दिसत नसत, काळ्या पडद्यावर नुसती अक्षरं येत. त्यामुळे आपण या भोकातून बचावलो, असं म्हणता येईल. दारच नसेल तर चोरी कुठून होणार!

* * *

पुढची सहा-सात वर्षं ब्राउझरांच्या लढाईची. तिचा इतिहास पुष्कळांनी लिहिला आहे. मी तो ओलांडून जातो. लढाई मायक्रोसॉफ्टने जिंकली, इंटरनेट एक्सप्लोरर विंडोजच्या अंगातच शिवला गेला, २००१ मध्ये त्याची सहावी आवृत्ती आली, आणि समोर कुणी उरलं नाही म्हणून सातवी यायला २००६ उजाडलं. या पाच वर्षांत जगातले बहुतेक लोक एकच सदरा घालून हिंडत होते. एकाला जिथे भोक, तिथे सगळ्यांना भोक.

१५ जानेवारी २००२ ला बिल गेट्स यांनी आपल्या सर्व कर्मचाऱ्यांना लिहिलेलं पत्र प्रसिद्ध आहे. नवी सोय की सुरक्षितता असा प्रश्न आला तर सुरक्षितता निवडा, असा त्याचा आशय. पण इतिहासकाराला त्या पत्राहून अधिक महत्त्वाचा वाटावा असा एक रुक्ष प्रशासकीय निर्णय पावणेदोन वर्षांनी झाला. ऑक्टोबर २००३ पासून कंपनीने ठिगळं वाटेल तेव्हा न काढता महिन्यातून एकदा, ठरल्या दिवशी काढायचं ठरवलं. तो दिवस म्हणजे दुसरा मंगळवार. मोठ्या कार्यालयांतल्या संगणक विभागांची ही मागणी होती. ठिगळ लावून कुठे दुसरीकडे काही उसवत नाही ना, हे तपासायला त्यांना वेळ हवा असे. रेशन दुकानात रॉकेल येण्याचा दिवस ठरावा तसा ठिगळांचा वार ठरला. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर सकाळचे दहा वाजले की ती बाहेर पडत. आपल्याकडे तेव्हा मंगळवारची रात्र असते, साडेदहा किंवा हंगामाप्रमाणे साडेअकरा. त्यामुळे भारतातल्या कार्यालयांनी हा मंगळवार कायम बुधवारी सकाळी पाहिला.

आणि हा बुधवार बदनामही झाला. कारण ठिगळ लावलं की भोक कुठे होतं, हे साऱ्या जगाला कळतं. जुनी फाइल आणि नवी फाइल शेजारी ठेवून फरक पाहिला, की कंपनीने नेमकं काय बुजवलं ते जाणत्या माणसाला वाचता येतं. मग ज्यांनी अजून ठिगळ लावलेलं नाही, त्यांच्या सदऱ्यातून हात घालायला कितीसा वेळ! दुरुस्ती जाहीर करणं हाच दुरुस्ती न करणाऱ्यांसाठी धोका ठरतो, हा या व्यवहारातला मूळ पेच आहे आणि तो आजही सुटलेला नाही.

जून २००४ मध्ये याच्या उलट घडलं. भोक आधी वापरलं गेलं, ठिगळ नंतर आलं. काही प्रतिष्ठित संकेतस्थळांचे सर्व्हर फोडून त्यांच्या पानांच्या तळाशी चार ओळी चिकटवल्या गेल्या. एक्सप्लोररमधून ते पान नुसतं उघडलं, तरी रशियातल्या एका यंत्रावरून कार्यक्रम उतरत असे आणि कळफलकावरची अक्षरं टिपायला लागत असे. वाचकाने काही चुकीचं केलेलंच नव्हतं. नको त्या गल्लीत तो गेला नव्हता, अनोळखी पाकीट त्याने उघडलं नव्हतं. मायक्रोसॉफ्टने २ जुलैला तात्पुरता बंदोबस्त केला, पुरतं ठिगळ यायला ३० जुलै उजाडला. मधल्या काळात अमेरिकी सरकारच्या संगणक सुरक्षा विभागाने जे उपाय सांगितले, त्यात एक होता : दुसरा ब्राउझर वापरा.

मराठी वाचकाच्या दृष्टीने हा उपाय कसा होता, याची नोंद मी कुठे वाचलेली नाही, म्हणून इथे करतो. युनिकोड तेव्हा आलं होतं, पण मराठी संकेतस्थळांनी ते स्वीकारलं नव्हतं. प्रत्येक वृत्तपत्राचा आपापला फॉन्ट. रोमन अक्षरांच्या जागांवर देवनागरी आकार बसवलेले. तो फॉन्ट आपल्या संगणकावर नसेल तर पहिल्या पानावर रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा कचरा दिसे. यावर तोड म्हणून ‘डायनॅमिक फॉन्ट’ निघाले, पान उघडताच फॉन्ट आपोआप येई. नेटस्केपचा याचा एक वेगळा प्रकार होता. पण नेटस्केप मागे पडल्यावर चलनात राहिला तो मायक्रोसॉफ्टचा, आणि तो चाले फक्त एक्सप्लोररमध्ये. त्यामुळे २००४ च्या नोव्हेंबरात फायरफॉक्सची पहिली आवृत्ती आली, ती मी आनंदाने उतरवून घेतली, आणि सकाळी मराठी पेपर वाचायला पुन्हा एक्सप्लोरर उघडला. सुरक्षित ब्राउझर इंग्रजीसाठी आणि भोकाचा ब्राउझर मातृभाषेसाठी, अशी आमची काही वर्षं गेली. दुबई-न्यू जर्सीला गेलेली मराठी माणसं, ज्यांना गावाकडची बातमी याच वाटेने मिळे, त्यांचीही तीच गत असणार.

शिवाय ठिगळं जड होती. विंडोज एक्सपीचा दुसरा सर्व्हिस पॅक ऑगस्ट २००४ मध्ये आला. सुरक्षिततेच्या इतिहासात त्याचं स्थान मोठं आहे. त्याने ठिगळं आपोआप लावून घ्यायची सोय प्रत्येकाच्या डोळ्यांसमोर आणून ठेवली. त्याचा पूर्ण आकार अडीचशे एमबीहून अधिक होता. टेलिफोनच्या तारेवरून सेकंदाला चार-पाच केबी येत, म्हणजे फोन गुंतवून पंधरा-अठरा तास, तेही मध्ये लाइन तुटली नाही तर. आम्ही तो संगणकविषयक मासिकांबरोबर येणाऱ्या सीडीवरून घेतला आणि एकच सीडी चाळीस संगणकांवर फिरवली.

* * *

आता माझ्या सहीची गोष्ट. मी तेव्हा एका सहकारी बँकेच्या संगणक विभागात होतो. बँक कोणती ते महत्त्वाचं नाही, त्या काळातल्या बऱ्याच बँकांची हीच कथा आहे. आमचं कामकाजाचं सॉफ्टवेअर ब्राउझरमधून चाले आणि ते बांधलं होतं एक्सप्लोरर ६ साठी. ते पुरवणाऱ्या कंपनीचा एक तरुण पोरगा आमच्याकडे येत असे. २००६ च्या अखेरीस एक्सप्लोरर ७ आपोआप उतरू लागला, तेव्हा तो दुपारी धावत आला.

“साहेब, ते अपडेट मारू नका. आमचे स्क्रीन उघडणार नाहीत.”

“मग तुमचे स्क्रीन कधी दुरुस्त करणार?”

“ते वरती विचारावं लागेल, साहेब.”

दोन शाखांत पासबुक छापणं बंद पडलेलं होतं, काउंटरवर माणसं खोळंबली होती. मी परिपत्रक काढलं : सर्व शाखांनी स्वयंचलित अपडेट पुढील सूचनेपर्यंत बंद ठेवावेत. खाली माझी सही. पुढील सूचना मी तीन वर्षं काढली नाही.

चूक कुठे झाली ते आज स्पष्ट दिसतं. नवी आवृत्ती नको असेल तर तेवढीच अडवण्याचं साधन मायक्रोसॉफ्टने स्वतःच दिलं होतं. ते वापरून जुन्या आवृत्तीला ठिगळं लागत राहिली असती. मी आवृत्ती आणि ठिगळ यांत फरक केला नाही, नळ बंद करायच्या जागी विहीरच बुजवली. हा फरक मला माहीत नव्हता असंही नाही. माहीत होता, पण शाखा चालू राहणं हे दिसत होतं आणि भोक दिसत नव्हतं. शाखाधिकाऱ्याच्या त्याच संगणकावर ईमेलही उघडला जाई. त्या तीन वर्षांत काही गडबड झाली का? आमच्या कानावर काही आलं नाही. पण कानावर यावं अशी कुठली व्यवस्थाच आम्ही ठेवलेली नव्हती, तेव्हा या उत्तराला अर्थ नाही.

जानेवारी २०१० मध्ये मला ते परिपत्रक आठवलं. १२ तारखेला गूगलने जाहीर केलं की चीनमधून आपल्यावर हल्ला झाला आहे आणि इतर अनेक मोठ्या कंपन्याही त्याच्या भक्ष्य झाल्या आहेत. पुढे ‘ऑपरेशन अरोरा’ या नावाने तो ओळखला गेला. शिरकाव झाला होता इंटरनेट एक्सप्लोररच्या एका भोकातून, आणि प्रत्यक्ष हल्ल्यात बळी पडला होता तो सहावा, आमचाच. सर्वांत पुढारलेल्या कंपन्यांतही ती जुनी आवृत्ती कुठेतरी चालू होती, हे वाचून मला बरं वाटलं की वाईट, हे अजून ठरलेलं नाही.

ते भोक कोणत्या जातीचं होतं हे थोडं सांगायला हवं, कारण ब्राउझरमधली फार मोठी भोकं याच जातीची असतात. एखादं लॉज आहे समजा. सात नंबरचा पाहुणा खोली सोडून गेला. मॅनेजरने खोली रिकामी म्हणून लिहिली. पण वरच्या मजल्यावरच्या पोऱ्याच्या वहीत अजून जुनंच नाव आहे, आणि पाहुण्याच्या नावाने आलेला प्रत्येक निरोप तो सात नंबरमध्ये नेऊन तिथला माणूस सांगेल तसं करतो. चोराने एवढंच करायचं, खोली रिकामी होताच ती आपण घ्यायची. स्मृतीतली जागा सोडून दिल्यावरही कार्यक्रमाचा एखादा भाग तिचा पत्ता धरून बसतो, आणि त्या जागी हल्लेखोराने आपला मजकूर आणून ठेवलेला असतो. क्रोमच्या अभियंत्यांनी २०२० मध्ये आपल्या गंभीर भोकांचा हिशेब मांडला, तेव्हा त्यातली सुमारे ७० टक्के स्मृतीच्या हाताळणीतल्या चुकांमुळे होती आणि त्यांतली निम्मी या लॉजच्या प्रकारची. सी आणि सी प्लस प्लस या भाषा पोऱ्याच्या वहीची जबाबदारी लिहिणाऱ्यावर सोडतात. मोझिलाने रस्ट नावाची नवी भाषा पोसली ती या वहीची तपासणी यंत्रानेच करावी म्हणून.

अरोराच्या बातमीनंतर तीनच दिवसांत जर्मनी आणि फ्रान्सच्या सरकारी सुरक्षा संस्थांनी नागरिकांना सांगितलं की ठिगळ येईपर्यंत हा ब्राउझर वापरू नका. मायक्रोसॉफ्टने मंगळवारची वाट न पाहता २१ जानेवारीला, गुरुवारी, ठिगळ काढलं. आणि मग कंपनीनेच कबूल केलं की हे भोक तिला सप्टेंबर २००९ पासून माहीत होतं. इस्रायलमधल्या एका संशोधकाने ते कळवलं होतं आणि ठिगळ फेब्रुवारीच्या मंगळवारी यायचं ठरलं होतं. कळवणारा प्रामाणिक होता, गप्प बसला होता, शिष्टाचार पाळला गेला होता. मधल्या चार महिन्यांत तेच भोक दुसऱ्या कुणाला तरी सापडलं. १९९५ चे दोन विद्यार्थी एका दिवसात सगळं बोलून मोकळे झाले, ते बरोबर की हे, याचा निकाल मला देता येत नाही. मी एवढंच पाहतो की गूगलच्या संशोधकांनी पुढे कळवल्यापासून ९० दिवसांची मुदत घालून दिली, त्यामागे असल्या चार महिन्यांचा अनुभव आहे.

त्या आठवड्यात मी नवं परिपत्रक काढलं. पोरग्याच्या कंपनीला पत्र धाडलं. पासबुक छापणं दोन दिवस पुन्हा बंद पडलं आणि मग चालू झालं. तीन वर्षं जे होणार नाही असं सांगितलं जात होतं, त्याला आठ दिवस लागले.

* * *

दरम्यान सदऱ्याच्या मालकाला विचारणंच बंद करण्याचा प्रयोग सुरू झाला होता. २ सप्टेंबर २००८ ला क्रोम आला. तो ‘अपडेट करू का?’ असं विचारत नसे. पार्श्वभूमीवर नवी आवृत्ती आणून शेजारी ठेवी, आणि आपण ब्राउझर बंद करून पुन्हा उघडला की नवाच उघडे. आपल्याला पत्ताही नसे. स्वित्झर्लंडमधल्या थॉमस ड्यूबेनडॉर्फर आणि श्टेफान फ्राय या संशोधकांनी २००९ मध्ये मोजून पाहिलं की नवी आवृत्ती निघाल्यावर २१ दिवसांत किती जण तिच्यावर येतात. क्रोमचे ९७ टक्के, फायरफॉक्सचे ८५, सफारीचे ५३ आणि ऑपेराचे २४. फायरफॉक्स विचारत असे, तरी बरा होता. ऑपेराला जवळजवळ नव्याने बसवावं लागे. चारही ब्राउझरच्या वापरकर्त्यांची अक्कल सारखीच धरली, तर हा फरक केवळ किती वेळा बटण दाबावं लागतं त्याचा आहे. माणसाला शहाणं करण्यापेक्षा त्याला न विचारणं सोपं, असं ते आकडे सांगत होते. मला ते आवडलं नाही, आणि खोटंही म्हणता आलं नाही.

न विचारता करायचं तर ठिगळ हलकं हवं. यातला एक अभियांत्रिकी चमत्कार सांगण्यासारखा आहे. संपूर्ण ब्राउझर पुन्हा पाठवण्याऐवजी जुन्या-नव्यातला फरक तेवढा पाठवावा, ही युक्ती जुनी होती. अडचण अशी की मजकुरात मध्येच चार ओळी वाढल्या, की पुढचे सगळे अंतर्गत पत्ते सरकतात. पुस्तकात सुरुवातीला दोन पानं वाढवली की सूचीतले सगळे पृष्ठक्रमांक चुकतात तसं. बदल दोन पानांचा, फरक साऱ्या सूचीचा. गूगलच्या मंडळींनी २००९ मध्ये असा कार्यक्रम केला की तो आधी पृष्ठक्रमांकांच्या जागी ‘अमुक प्रकरण’ अशा खुणा लिहितो, मग फरक काढतो आणि पलीकडे गेल्यावर खुणांचे पुन्हा क्रमांक करतो. त्यांनी दिलेल्या उदाहरणात पूर्ण आवृत्ती १ कोटी ३ लाख ८५ हजार ९२० बाइटांची होती, जुन्या पद्धतीचा फरक ७ लाख ४ हजार ५१२ बाइटांचा आणि नव्या पद्धतीचा ७८ हजार ८४८. एका रात्रीच्या टेलिफोन बिलाचं काम काही सेकंदांवर आलं. आमच्या त्या सीडीची आठवण करून मी हे आकडे दोनदा वाचले.

२०११ मध्ये फायरफॉक्सही दर सहा आठवड्यांनी आवृत्ती काढू लागला. चौथी आवृत्ती मार्चमध्ये आली, पाचवी जूनमध्ये, आणि पाचवी येताच चौथीला ठिगळं मिळणं थांबलं. मोठ्या कार्यालयांत ओरड झाली. आम्ही अजून चौथी तपासतोच आहोत! ती ओरड मी समजू शकतो, तो माझाच आवाज होता. मोझिलाने २०१२ च्या सुरुवातीला तोडगा काढला : सोयी न वाढवता केवळ ठिगळं लावलेली, जवळपास वर्षभर टिकणारी एक आवृत्ती संस्थांसाठी वेगळी ठेवायची. आवृत्ती वेगळी आणि ठिगळ वेगळं. २००६ मध्ये मी जे एक मानलं, ते इथे रीतसर दोन झालं.

न विचारता लावलेल्या ठिगळाची एक गंमत सांगतो. ३ जानेवारी २०१८ ला ‘स्पेक्टर’ नावाचा दोष जाहीर झाला. तो ब्राउझरमधला नव्हताच, प्रोसेसरच्या चिपमधला होता. चिप वेळ वाचवण्यासाठी पुढचं काम अंदाजाने आधीच करून ठेवते, आणि त्याच्या खुणा मागे राहतात. त्या खुणा वाचायच्या त्या वेळ मोजून. अमुक आकडा मिळायला क्षणाचा केवढा अंश लागला, त्यावरून. म्हणजे एखादं पान तुमच्या ब्राउझरमध्ये बसून अचूक घड्याळाच्या मदतीने दुसऱ्याच्या स्मृतीत डोकावू शकत होतं. चिप तर बदलता येत नाही. मोझिलाने दुसऱ्याच दिवशी ठिगळ काढलं, ते होतं घड्याळाला. पानांना मिळणारं घड्याळ मुद्दाम ढोबळ केलं, ५ मायक्रोसेकंदांऐवजी २० मायक्रोसेकंदांचं, आणि ज्यातून छुपं घड्याळ बनवता येत होतं तीही एक सोय बंद केली. १९९५ मध्ये घड्याळाचे मायक्रोसेकंद ओळखता येतात म्हणून किल्ली फुटली. २०१८ मध्ये ते ओळखता येऊ नयेत म्हणून घड्याळच बिघडवलं. कोट्यवधी लोकांच्या यंत्रांतल्या घड्याळाची धार एका रात्रीत बोथट झाली आणि कुणाच्या लक्षातही आलं नाही.

सोर्स कोड खुला असण्याची बाजू सहसा चांगली सांगितली जाते, आणि ती आहेही. पण इथे तिचीही एक किंमत आहे. क्रोमची दुरुस्ती आधी सार्वजनिक कोडात उतरते आणि मग आवृत्तीच्या रूपाने लोकांकडे जाते. या दोहोंमधल्या दिवसांत ठिगळ सगळ्यांना दिसत असतं आणि सदरा फाटकाच असतो. गूगलच्याच म्हणण्यानुसार हे अंतर २०२० च्या सुमारापर्यंत सरासरी ३५ दिवसांचं होतं, मग दर पंधरवड्याला ठिगळं निघू लागल्यावर १५ दिवसांचं झालं, आणि ऑगस्ट २०२३ पासून ती दर आठवड्याला निघू लागली. दुसऱ्या मंगळवारची ऐट संपली.

त्याच्या पुढच्याच महिन्यात याची परीक्षा झाली. ॲपलचा सुरक्षा विभाग आणि टोरंटो विद्यापीठातली सिटिझन लॅब यांनी ६ सप्टेंबरला एक भोक कळवलं. ते होतं ‘वेबपी’ प्रकारची चित्रं उलगडणाऱ्या छोट्याशा कार्यक्रमात. नुसतं चित्र दिसलं तरी पुरे. क्रोमचं ठिगळ ११ तारखेला आलं, फायरफॉक्सचं १२ ला. सप्टेंबर ते जानेवारी आणि ६ ते ११ सप्टेंबर, या दोन अंतरांत तेरा वर्षांचा इतिहास आहे. पण तोच चित्रांचा कार्यक्रम ब्राउझरखेरीज इतर असंख्य ॲपच्या पोटातही शिवलेला होता, आणि त्यांतल्या सगळ्यांना शिंपी नव्हता.

* * *

इंटरनेट एक्सप्लोरर १५ जून २०२२ ला अधिकृतपणे निवृत्त झाला. त्याआधी एक्सपीची मुदत ८ एप्रिल २०१४ ला संपली होती. तीन आठवड्यांच्या आत एक्सप्लोररमध्ये मोठं भोक निघालं आणि मायक्रोसॉफ्टने १ मे रोजी मुदत संपलेल्या एक्सपीलाही ठिगळ दिलं. आपल्याकडच्या एटीएममधून असल्या मुदत संपलेल्या प्रणाली काढायला रिझर्व्ह बँकेला जून २०१९ पर्यंतची तारीख घालून द्यावी लागली. मरणाची तारीख कागदावर असते. यंत्रं तिच्यापुढेही चालत राहतात.

मध्यंतरी बँकेतल्या माझ्या जुन्या सहकाऱ्याला फोन केला. या लेखासाठी ते २००६ चं परिपत्रक मिळतं का, हे विचारायला. मिळालं नाही. २०१९ च्या पुरात तळमजल्यावरचं दप्तर गेलं, त्यात ते गेलं असावं. बोलता बोलता त्याने सांगितलं की जुन्या खात्यांची माहिती काढायला तो सॉफ्टवेअरचा तुकडा अजून ठेवलेला आहे. एक्सप्लोरर नाही, पण मायक्रोसॉफ्टच्या नव्या ‘एज’ ब्राउझरमध्ये जुन्या पानांसाठी एक्सप्लोररचं इंजिन तसंच ठेवलेलं आहे, त्यात तो उघडतो. निदान २०२९ पर्यंत हे इंजिन सांभाळायचं कंपनीने कबूल केलं आहे.

“अपडेट चालू आहेत ना?” मी विचारलं.

“चालू आहेत, साहेब,” तो म्हणाला. “आता बंद करायचं बटणच सापडत नाही.”